गिटार आहे, यूट्यूब आहे… मग सर कशाला?

कॉलेजात हट्टाने घेतलेली गिटार कपाटावर धूळ खातेय? चार कॉर्ड येतात, पण गाडी पुढे सरकत नाही? तिशी-पस्तिशीत पुन्हा क्लास लावायचा म्हणजे पैसे उधळायचे, की त्यातून खरंच काही हाती लागतं? लोकलने ये-जा करणाऱ्या पनवेलकरांच्या हिशेबाने मांडलेलं हे गणित…

पनवेलमधल्या कुठल्याही सोसायटीत जा. नवीन पनवेल असो, खांदा कॉलनी असो, नाहीतर जुन्या पनवेलमध्ये वाडा पाडून उभी राहिलेली नवी बिल्डिंग असो. एखाद्या तरी घरात बेडरूमच्या कपाटावर हे दृश्य दिसणारच. प्रवासाच्या बॅगा, गणपतीच्या मखराचं सामान आणि त्यांच्या मागे काळ्या कव्हरमधली एक लांबोडकी वस्तू! इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला घरच्यांशी भांडून घेतलेली गिटार. हॉस्टेलवर ती रोज रात्री वाजायची. मग कॅम्पस प्लेसमेंट झालं, मग लग्न, मग होम लोन… आणि गिटार कोपऱ्यातून पलंगाखाली, पलंगाखालून थेट कपाटावर!

२००८ मध्ये आलेला ‘रॉक ऑन’ आठवतोय? फरहान अख्तरचा आदित्य चकाचक ऑफिसात कोट्यवधींचे व्यवहार करतो, पण मनातून पार सुकून गेलेला असतो. जुने मित्र भेटतात, बँड पुन्हा उभा राहतो आणि सगळं कसं झकास जमून येतं. तो सिनेमा पाहून कित्येकांनी आपापली गिटार खाली काढली असणार. पण सिनेमात एक गोष्ट दाखवत नाहीत, मंडळी! इतक्या वर्षांनी गिटार हातात घेतली की पहिल्या दहा मिनिटांत बोटांची टोकं हुळहुळायला लागतात. तारा गंजलेल्या असतात. आणि जी ‘एफ’ कॉर्ड तेव्हा येत नव्हती, ती आताही येत नाही.

मग आपण काय करतो? मोबाइल काढतो. यूट्यूबवर जगातला एकूण एक धडा फुकटात पडलेला असतो. मग गल्लीतल्या क्लासला दर महिन्याला पैसे मोजायचे कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे.

फुकट आहे, भरपूर आहे, पण…

आधी इंटरनेटचं श्रेय इंटरनेटला देऊन टाकू. जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन गिटारवादकाने २००३ मध्ये वेबसाइट सुरू केली, तेव्हा यूट्यूबचा जन्मही व्हायचा होता. आज जगभरातले असंख्य लोक त्याच्या धड्यांवरून गिटार शिकतात, आणि धडे खरोखर उत्तम आहेत. कुठली कॉर्ड आधी, कुठली नंतर, सगळं शिस्तीत. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागलं, तेव्हा फेंडर या बड्या गिटार कंपनीने आपले ऑनलाइन धडे तीन महिन्यांसाठी फुकट केले आणि लाखोंनी नावं नोंदवली. म्हणजे माहितीचा तुटवडा अजिबात नाही.

तरीही लोक गिटार सोडतात. अँडी मूनी हे फेंडरचे सीईओ असताना त्यांनी कंपनीचा एक अंदाज जाहीरपणे सांगितला होता. पहिल्यांदा गिटार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ ९० टक्के लोक वर्षभरात ती सोडून देतात, त्यातही बरेचसे पहिल्या ९० दिवसांत! गिटार विकणाऱ्याच कंपनीचा माणूस असं म्हणतोय म्हटल्यावर विचार करायला हवा.

गंमत म्हणजे सोडणाऱ्यांना कॉर्डची आकृती कुठे मिळेल हे पक्कं ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच, की आपलं नेमकं चुकतंय कुठे. व्हिडिओतला माणूस तुम्हाला वाजवून दाखवतो, पण तो तुमचं ऐकत नाही. क्लासची फी भरून आपण विकत घेतो ते दुसऱ्याचे कान!

तीन गाण्यांवर अडकलेली गाडी

‘मला येते थोडीफार’ असं म्हणणाऱ्या कुणालाही वाजवायला सांगा. तो ठरलेली तीन गाणी वाजवेल. दहा वर्षांपूर्वी तीच तीन, आजही तीच तीन. ऑफिसच्या पिकनिकला तेवढी पुरतात, टाळ्याही पडतात. पण स्वतःला आतून कळत असतं की गाडी न्यूट्रलवर आहे.

असं का होतं, याचं चांगलं उत्तर अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने दिलंय. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पुढे २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकातून ‘दहा हजार तासां’चा फंडा जगभर पोचला, तो याच अभ्यासाच्या आधारावर. पण एरिक्सनला तो फंडा मान्य नव्हता. नुसते तास मोजून काही होत नाही, असं त्याचं म्हणणं. एखादी गोष्ट ‘चालण्याइतपत’ जमली की ती आपोआप व्हायला लागते, आणि तिथून पुढे वर्षानुवर्षं तेच करत राहिलं तरी सुधारणा थांबते. वीस वर्षं रोज गाडी चालवणारा माणूस काही रेसर होत नाही, तसंच! सुधारणा हवी असेल तर नेमकी कमजोर जागा शोधायची, फक्त तिच्यावर काम करायचं, आणि ते बरोबर होतंय की नाही हे कुणीतरी लगेच सांगायचं. त्या १९९३ च्या निबंधात असा सराव आखून देणारा शिक्षक गृहीतच धरलेला आहे.

आपल्याकडे याला ‘तालीम’ म्हणतात. रियाज एकट्याने करायचा, पण तालीम गुरूसमोर. आजी-आजोबांच्या पिढीला हा फरक सांगावा लागत नव्हता.

सर नेमकं करतात काय?

समजा, तुम्ही ‘जी’वरून ‘सी’वर जाताय. तुमच्या मते छान जमतंय. समोर बसलेल्या सरांना मात्र एक गोष्ट लगेच ऐकू येते. कॉर्ड बदलताना डावा हात चाचपडतो आणि त्याची वाट बघत उजवा हात क्षणभर थांबतो. दर चार ठोक्यांनी गाण्याला उचकी लागते! ही उचकी आपली आपल्याला सहसा ऐकू येत नाही, कारण आपलं सगळं लक्ष बोटांवर असतं. सर सांगतात, ‘डावा हात चुकू दे, उजवा थांबवू नकोस.’ सुरुवातीला बेसूर वाजतं, पण लय सुटत नाही, आणि डावा हात हळूहळू वेळेवर पोचायला शिकतो. यूट्यूबवर हा सल्ला शंभर ठिकाणी सापडेल. पण तो आपल्यासाठी आहे, हे कोण सांगणार?

आता ती बदनाम ‘एफ’. तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकायची, म्हणजे बार कॉर्ड. बहुतेक जण सगळी ताकद लावून तारा दाबतात आणि मनगट दुखवून घेतात. जाणकार शिक्षक आधी ताकद सोडायला लावतात. अंगठा मानेच्या मागे मधोमध, कोपर अंगाजवळ, तर्जनी किंचित कडेवर कललेली. शिवाय एक सोपी युक्ती. हीच शेप आधी पाचव्या फ्रेटवर धरायची. तिथे तार दाबायला कमी जोर लागतो. तिथे आवाज साफ आला की एकेक फ्रेट मागे सरकत पहिलीवर यायचं. वर्षानुवर्षं न आलेली कॉर्ड काही आठवड्यांत हाताखाली येऊ शकते.

आणि कधी कधी दोष बोटांचा नसतोच! आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि हवा कायम दमट. लाकूड ओल धरतं, गिटारचा पृष्ठभाग फुगतो, तारांच्या ओढीने मान किंचित वाकते आणि तारा फ्रेटपासून उंच जातात. कपाटावर सात-आठ पावसाळे काढलेल्या गिटारवर कुणालाही बार कॉर्ड जड जाईल. अनुभवी शिक्षकाला गिटार हातात घेताच हे कळतं. तो म्हणेल, ‘आधी सेट-अप करून आण, नवीन तारा टाक, लाइट गेजच्या.’ या एका वाक्याअभावी ‘आपली बोटंच गिटारसाठी बनलेली नाहीत’ असं समजून कितीतरी जणांनी नाद सोडला असेल.

दुखण्याचंही तसंच. सुरुवातीला बोटांची टोकं दुखणारच, काही आठवड्यांत कातडी निबर होते आणि त्रास जातो. पण मनगट किंवा हाताचा पुढचा भाग दुखत असेल तर ते चुकीच्या पकडीचं लक्षण असू शकतं. दिवसभर माउस धरून आलेल्या हातांनी हे विशेष जपायला हवं. अशा वेळी वाजवणं थांबवायचं, ‘नो पेन, नो गेन’चा फंडा इथे बिलकुल चालवायचा नाही.

आत्याची ‘काळी चार’

आता खास आपल्या घरातला सीन बघा. कोजागिरी, गच्चीवर मसाला दूध, सगळे जमलेत. आत्या म्हणते, ‘अरे, तू गिटार वाजवतोस ना? मी गाते, साथ कर.’ आणि गाणं धरते ‘काळी चार’मध्ये. झाली ना पंचाईत! व्हिडिओत तर सगळं ‘जी’मध्ये शिकवलं होतं.

शिक्षक असेल तर हे कोडं एका तासात सुटतं. पेटीवरची पांढरी एक म्हणजे ‘सी’. त्या हिशेबाने काळी चार म्हणजे ‘जी शार्प’. गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि तुमच्या ओळखीच्या ‘जी’, ‘ई मायनर’, ‘सी’, ‘डी’ याच शेप वाजवा. सगळं अर्धा सूर वर सरकतं, म्हणजे थेट आत्याच्या पट्टीत! काळी एक असेल तर ‘सी’च्या शेप आणि कॅपो पहिल्यावरच. या चार कॉर्ड एकमेकींच्या नात्यातल्या का, कुठली बदलली की गाण्याचा रंग बदलतो, हे एकदा कळलं की प्रत्येक गाण्यासाठी वेगळी आकृती शोधावी लागत नाही.

तालाचंही तेच. ऑनलाइन धड्यांमधलं ते लाडकं ‘डाउन-डाउन-अप-अप-डाउन-अप’ चार ठोक्यांच्या गाण्यांसाठी असतं. आठ मात्रांच्या केरव्यावर ते कसंबसं बसतं. पण कितीतरी भावगीतं सहा मात्रांच्या दादऱ्यात आहेत. तिथे हा पॅटर्न लावला की गाणं लंगडायला लागतं. तीन-तीनचे दोन गट, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर वजन, हे शिकवायला कॅलिफोर्नियातला यूट्यूबर येणार नाही. गावातले सर, ज्यांनी स्वतः ऑर्केस्ट्रात किंवा दिवाळी पहाटेला साथ केलीय, ते दहा मिनिटांत हातात बसवून देतात.

तज्ज्ञही पुन्हा विद्यार्थी होतात

‘या वयात क्लास?’ हा प्रश्न घरातून येतो आणि त्याहून जास्त आपल्या डोक्यातून. याला काही भारी उत्तरं आहेत.

पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांचंच घ्या. मिरजेच्या नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेर गायकीची तालीम झालेली, एचएमव्हीच्या रेकॉर्ड निघालेल्या, नाव झालेलं. तरीही १९३० च्या दशकाच्या मध्यावर, पंचविशीच्या आसपास, ते जयपूर-अत्रौली घराण्याच्या मंजी खाँसाहेबांसमोर शिष्य म्हणून बसले. १९३७ मध्ये मंजी खाँ गेले, तर मन्सूर त्यांच्या भावाकडे, बुर्जी खाँकडे शिकत राहिले. आज आपण ज्या मन्सूरांना ओळखतो, ते या दुसऱ्या विद्यार्थीदशेतून घडले.

गिटारवाल्यांमध्ये रँडी ऱ्होड्स. ऑझी ऑस्बोर्नच्या बँडचा हा स्टार स्वतः आईच्या म्युझिक स्कूलमध्ये गिटार शिकवायचा. पण जगभर टूर सुरू असताना तो ज्या गावात जाईल तिथे क्लासिकल गिटारचा शिक्षक शोधून धडे घ्यायचा. रात्री हजारो लोकांसमोर शो आणि दिवसा विद्यार्थी! १९८२ मध्ये विमान अपघातात तो गेला, तेव्हा अवघा २५ वर्षांचा होता. आणि जॉन मॅक्लॉक्लिन? महाविष्णू ऑर्केस्ट्रामुळे जगभर नाव झालेलं असताना तो अमेरिकेतल्या वेस्लियन युनिव्हर्सिटीत डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होता. ‘शक्ती’चं संगीत त्यानंतरचं.

‘पण जिमी हेंड्रिक्स कुठे क्लासला गेला होता?’ बरोबर आहे. क्लासिकल गिटारचा बादशहा आंद्रेस सेगोवियाही स्वतःच शिकला असं अभिमानाने सांगायचा. पण हेंड्रिक्सने नाव होण्याआधी लिटल रिचर्ड, आयझली ब्रदर्स अशा कलाकारांच्या मागे साथीला वाजवलं होतं. तिथे एक ठोका चुकला तरी अख्खा बँड मागे वळून बघतो. म्हणजे दुसऱ्याचे कान त्यालाही मिळालेच, फक्त फी न भरता! बंद दाराआड, बाळ उठू नये म्हणून हळूच तारा छेडणाऱ्या आपल्यासारख्याला तेवढी चैन नसते.

वयाचं काय? खोटं कशाला बोला, लहान मुलांना थोडा फायदा असतोच. तारवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांचा ‘नकाशा’ इतरांपेक्षा मोठा असतो आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांचा तो अधिक मोठा असतो, असं १९९५ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं. पण म्हणून मोठ्यांचं दार बंद होत नाही. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर, लय-सुराची बोंब असताना गिटार शिकायला घेतली, उन्हाळी रॉक कॅम्पमध्ये शाळकरी पोरांबरोबर बँडमध्येही वाजवलं आणि त्या अनुभवावर २०१२ मध्ये ‘गिटार झीरो’ हे पुस्तक लिहिलं. मोठ्या माणसाला मुलांइतका मोकळा वेळ नसतो, पण ‘हे असं का?’ विचारायची अक्कल असते. ती वापरता आली की काम भागतं.

आणि हो, हे फक्त मुलांचं खूळ नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी निम्म्या स्त्रिया आहेत, असं २०१८ मध्ये फेंडरनेच जाहीर केलं होतं. तेव्हा मैत्रिणींनो, नवऱ्याची गिटार कपाटावर पडून असेल तर बिनधास्त ताबा घ्या!

क्लासमध्ये थोडी फजिती होते, त्याची तयारी ठेवा. ऑफिसात तुमच्या हाताखाली बारा जण असतात, इथे बाविशीतल्या पोराला तुम्ही ‘सर’ म्हणता. शेजारचा सहावीतला मुलगा तुमच्याकडे बघून म्हणतो, ‘काका, दुसरं बोट चुकलं.’ पहिल्यांदा जिवाला लागतं. पण विचार करा, ऑफिसात चूक दाखवली जाते ती बहुतेक वेळा अप्रेझलच्या फॉर्मवर. इथे चूक दाखवली जाते, दोन मिनिटांत दुरुस्त होते आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. मोठं झाल्यावर अशी जागा फारशी कुठे उरत नाही.

शिवाय आपल्या पिढीने आयुष्यात जेवढे क्लास लावले, ते सगळे कशासाठी तरी होते. स्कॉलरशिपसाठी, बारावीसाठी, सीईटीसाठी. ‘याचा पुढे उपयोग काय?’ या प्रश्नाला उत्तर नसलेला हा पहिलाच क्लास. तो स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने लावणं, यातही एक मजा आहे.

हिशेब पनवेलकरांचा

‘सगळं खरं, पण वेळ कुठून आणू?’ आपल्या पनवेलची २०१६ मध्ये महापालिका झाली, २५ डिसेंबर २०२५ पासून शेजारच्या विमानतळावरून विमानंही उडू लागली. पण कित्येकांची नोकरी अजून हार्बर लाइनच्या त्या टोकालाच आहे. पनवेल ते सीएसएमटी एका बाजूने जवळजवळ ८० मिनिटं. आठवड्याचे पाच दिवस, जाऊन-येऊन तेरा तासांहून जास्त! त्यापुढे आठवड्याचा एक तास क्लास आणि सहा दिवस रोज २० मिनिटं सराव म्हणजे एकूण तीन तास. वर्षात सणवार, पाहुणे, सर्दी-खोकला वजा करून ३०० दिवस धरले, तरी २० मिनिटांच्या हिशेबाने १०० तास होतात. शंभर तासांत कुणी मॅक्लॉक्लिन होत नाही, पण तीन गाण्यांची तीस गाणी नक्की होऊ शकतात.

ही २० मिनिटं टिकवायलाही क्लासच कामी येतो. शनिवारी सरांना तोंड दाखवायचंय, या एका धाकाने गुरुवारी रात्री गिटार कव्हरबाहेर निघते. व्हिडिओ काय, उद्याही असतोच. म्हणून तो उद्यावर जातो.

लोकलमध्ये गिटार वाजवता येत नाही, पण कान तयार करता येतात. इअरफोन लावून एकच गाणं घ्या. कॉर्ड कितव्या ठोक्याला बदलते तेवढंच मोजा. दुसऱ्या दिवशी फक्त बेसचा सूर ऐका. मानखुर्द ते वाशी, खाडीपूल ओलांडेपर्यंत तेवढाच उद्योग. जागा मिळालेली असो वा नसो!

परीक्षेची हौस असेल तर तीही सोय आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गिटार परीक्षा इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत असतात आणि मोठ्यांनाही देता येतात. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांच्या परंपरेतल्या प्रारंभिक ते विशारद, अलंकार या पायऱ्या आपल्याला परिचित आहेतच. तसंच हे. पण सक्ती नाही. प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापेक्षा आत्याला साथ करणं हे ध्येय असेल, तर सरांना पहिल्याच दिवशी तसं स्पष्ट सांगा.

क्लास कधी लावू नये?

हेही सांगायला हवं. आठवड्यात एकदाही गिटार उघडणं शक्य नसेल तर क्लास लावू नका. दर शनिवारी मागच्या शनिवारचाच धडा होईल आणि पैशाबरोबर उत्साहही जाईल. बारा-पंधरा जणांच्या बॅचमध्ये नुसती गाणी उतरवून देणारा क्लास असेल तर तिथेही जाऊ नका, कारण तुमचं ऐकायला तिथे कुणाला वेळच नसतो. त्यापेक्षा यूट्यूब बरं!

आणि कायमचं बांधून घ्यायचीही गरज नाही. आठ-दहा धडे घ्या, मग दोन-तीन महिने स्वतः सराव करा, अडलात की पुन्हा जा. व्हिडिओ कॉलवरचा क्लास प्रवास वाचवतो आणि चुका दाखवायला पुरतोही. पण आवाज पोचायला किंचित उशीर होत असल्याने तिथे शिक्षकाबरोबर एकत्र वाजवता येत नाही. आणि खरी धमाल तर एकत्र वाजवण्यातच असते. महिन्यातून एकदा तरी समोरासमोर बसा.

क्लास लावण्याआधी…

* पहिला धडा ट्रायल म्हणून मागा. सर किती वाजवून दाखवतात यापेक्षा तुमचं किती ऐकतात, ते बघा.
* तासाभराच्या मोठ्या बॅचपेक्षा एकट्याचा अर्धा तास जास्त उपयोगी.
* गिटार बरोबर न्या. सेट-अप हवाय का, तारा बदलायच्या का, हे तपासून घ्या. नवीनच घ्यायची तर एखाद्या रविवारी धोबी तलावला चक्कर टाका. १८६५ पासूनचं ‘फुर्टाडोज’ तिथे आहे. चार गिटारी हातात धरून बघा, मग ठरवा.
* ‘मला ही पाच गाणी वाजवायची आहेत’ अशी यादी द्या. त्यातलं एक तरी दादऱ्यातलं असू द्या!
* मेट्रोनोमचं फुकट ॲप डाउनलोड करा. मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरुवात करा, जमलं की मगच वाढवा.
* महिन्यातून एकदा तेच गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. तीन महिन्यांनी पहिलं आणि शेवटचं लागोपाठ ऐका. फी वसूल झाली की नाही, ते तिथेच कळेल.
* पावसाळ्यात गिटार कव्हरमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा.
* मनगट दुखलं तर थांबा. दुखणं गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

बाकी काही नाही. येत्या रविवारी आधी स्टूल आणा, गिटार खाली काढा, धूळ झटका आणि ट्यून करा. तारा तुटल्या तरी हरकत नाही, त्या नवीन मिळतात. मग गल्लीतल्या एखाद्या क्लासची बेल वाजवा. सर पहिलं वाक्य बहुधा हेच म्हणतील, ‘बसा. जे येतं ते वाजवून दाखवा.’ ऐकायला कुणीतरी समोर बसलंय, एवढी सुरुवात पुरे आहे!